‘आधीच सांगितलंय’ म्हणणाऱ्यांना

प्रयोगशाळेतल्या गर्भाची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते : नुत्फा, अलका, मुदगा, हे तर कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आलंय! खाली ‘सुभानल्लाह’ची रांग. मला या पोस्टचा राग येतो.

झालं काय, ते आधी बघा. २०२१ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेत जेकब हन्ना यांच्या गटाने उंदराचे पाच दिवसांचे गर्भ गर्भाशयाबाहेर, फिरत्या बाटल्यांत, अकराव्या दिवसापर्यंत वाढवले. हृदयं धडधडू लागली. उंदराचे दिवस भरतात सुमारे विसात. पुढच्या वर्षी त्यांनी बीजांड आणि शुक्राणू दोन्ही वगळून, नुसत्या मूलपेशींपासून गर्भासारखी रचना घडवली. बाटलीतला दाब किती, प्राणवायू किती, हे बसवण्यात वर्षं गेली. ते आकडे आयतीतून निघत नाहीत. निघावेत अशी अपेक्षाच आयतीचा अपमान आहे. सूरह अल-मुअमिनून माणसाला त्याची पायरी दाखवते, प्रयोगाची कृती नाही.

आणि ज्या रचनेत नुत्फाच नाही, तिचं काय करणार? पोस्टचा पहिलाच शब्द तिथे गळून पडतो.

खरा प्रश्न इथेच सुरू होतो. १२० दिवसांनी रूह फुंकली जाते या हदीसवर आपल्या फुकहांनी शतकानुशतकं वाद घातले. गर्भ जसा वाढतो तसा तो पाडण्याचा गुन्हाही वाढतो, असं इमाम गजालींनी मांडलं. पण हे सगळे गर्भ आईच्या पोटातले. बाटलीतल्या गर्भाची हुरमत किती, कधीपासून?

मानवी गर्भ प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवू नये, ही शिफारस १९८४ मध्ये ब्रिटनच्या ज्या समितीने केली तिच्या अध्यक्ष मेरी वॉर्नॉक तत्त्वज्ञ होत्या. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच मर्यादा आहे. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र ती सरसकट बंदी सैल केली. म्हणजे रेषा पुन्हा आखली जाते आहे, आणि आखणाऱ्यांत नुसते डॉक्टर नसतात. आलिमांना तिथे जागा आहे. ती मागायची, तर आधी पेशी म्हणजे काय ते शिकावं लागेल.

आपल्याच मोहल्ल्यातली जोडपी आयव्हीएफ करून घेतात. गोठवून ठेवलेल्या, उरलेल्या गर्भांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं तर ‘कुरआनात आधीच होतं’ हे उत्तर होत नाही. मौलाना आणि डॉक्टर, दोघांनी एका सतरंजीवर बसा. इज्तिहाद त्यालाच म्हणतात.