पाण्याची मोजणी सरकारी खर्चानेच झाली पाहिजे

कापडाच्या व्यवहारात मापावरून वाद झाला तर तो मिटायला फार वेळ लागत नाही. मीटर काढला, तागा पुन्हा मोजला, की देणारा व घेणारा दोघेही गप्प बसतात. पाण्याच्या वादात मात्र दोन्ही बाजूंना मान्य होईल असे मापच नसते. म्हणून हे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि त्यात लहान कारखानदार, कारागीर व मजूर भरडला जातो.

इचलकरंजीचेच उदाहरण घ्या. यंत्रमागाच्या या शहराजवळची पंचगंगा दूषित झाली, म्हणून शहराने दुसऱ्या नदीचे पाणी मागितले. वारणेतून दानोळी येथे पाणी उचलण्याच्या योजनेला 2018 साली तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मग दूधगंगेवरील सुळकूड योजना पुढे आली. तिलाही 2023 साली नदीकाठच्या गावांनी विरोध केला. शहर म्हणते पाणी शिल्लक आहे, गावे म्हणतात नाही. आम्ही कुणालाच खोटे म्हणत नाही. शेतकऱ्याचे पीक वाळले तर बाजारात आमचे कापडही विकले जात नाही. पण जो प्रश्न आकड्यांचा आहे, त्याचे उत्तर मोर्चातून कसे मिळणार?

गोदावरी खोऱ्यात एकीकडे नाशिक व त्या वेळचा अहमदनगर जिल्हा आणि दुसरीकडे मराठवाडा, असा वाद होता. तेथे निदान हिशेब तरी मांडला गेला. मेंढेगिरी अभ्यासगटाने 2013 साली अहवाल दिला. त्याच्या आधारे राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 साली आदेश काढला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे ठरले. 2016 साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही तपासले गेले. तक्रारी संपल्या नाहीत हे खरे, पण कोणत्या तारखेला आणि कोणत्या आकड्यावर बोलायचे हे तरी निश्चित झाले. सरकारी खर्चाने झालेल्या अभ्यासाचा फायदा तो हाच.

जमिनीखालच्या पाण्याची गोष्ट आणखी अवघड आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते. एका बोअरला भरपूर पाणी लागते, तर शेजारची कोरडी जाते. कुणी अधिक खोल बोअर मारली की जवळच्यांची आटते. सायझिंगच्या बॉयलरला आणि रंगखान्याला तर रोज पाणी लागते. बोअर आटली की टँकर, आणि टँकरचा खर्च कापडाच्या भावात निघत नाही. राज्याचा 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू झाला. त्यात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. पण खाली पाणी किती आणि दरवर्षी भरते किती, हे त्या त्या भागापुरते मोजल्याशिवाय नुसत्या नोंदणीने कुणाचा हक्क ठरणार नाही.

काही जण म्हणतात, ज्याला पाणी हवे त्याने मोजणीचा खर्च द्यावा. आम्हाला हे मान्य नाही. एका पक्षाने पैसे देऊन आणलेल्या तज्ज्ञाचा आकडा दुसरा पक्ष कधीच मानत नाही. शिवाय मोठा कारखाना तज्ज्ञ आणू शकतो, चार माग चालवणारा कोठून आणणार? जमिनीची मोजणी सरकारने केली, म्हणूनच आज सात-बारा कोर्टात पुरावा म्हणून चालतो. पाण्याचा सात-बारा मात्र अजून कुणाच्या हाती नाही.

राज्याच्या पाणी धोरणात 2011 साली बदल होऊन पिण्याच्या पाण्यानंतर शेती आणि त्यानंतर उद्योग असा क्रम लागला. त्याबद्दल आमचे भांडण नाही. परंतु टंचाईत ज्याची पाळी शेवटी येते, त्यालाच नोंदीची गरज सर्वांत जास्त असते.

आमच्यातील अनेक बांधवांना वाटते, मोजणीवाला आला की त्याच्या मागून नोटीस येते. ही भीती अगदीच निराधार नाही. पण लपवलेल्या बोअरवर उद्या हक्क सांगता येणार नाही, हेही ध्यानात घ्यावे. मापात कमी करणाऱ्यांना कुरआन शरीफने दिलेली सक्त ताकीद आपण जाणतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्यांची ही शिकवण आहे, त्यांनी खुल्या हिशेबाला घाबरू नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. यंत्रमागाच्या प्रत्येक शहराभोवतीचे नदीचे व भूजलाचे पाणी राज्याच्या अर्थसंकल्पातील पैशाने मोजावे. मोजणीच्या वेळी शेतकरी व उद्योग या दोघांचेही प्रतिनिधी हजर असावेत. आकडे ग्रामपंचायतीत व महापालिकेत मराठीत, आणि गरज असेल तेथे उर्दूतही, लावावेत. लहान कारागिराकडून त्यासाठी एक पैसाही घेऊ नये. आमच्या व्यापारी व यंत्रमागधारक संघटनांनी वीजदर आणि सुताच्या भावाबरोबर ही मागणीही आपल्या निवेदनात घालावी, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वीच आमदारांपर्यंत पोहोचवावी. नंतर धावून उपयोग होत नाही.