‘डिपेंडंट’ आणि ‘परावलंबी’ : एका शब्दकुलाची चिकित्सा

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा विज्ञान आणि शासनव्यवहार यांच्या संदर्भात होते. रोजच्या जगण्यातील नात्यांना नाव देणारे इंग्रजी शब्द मराठीत येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कोणता मूल्यविचार येतो किंवा निसटतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ‘डिपेंड’ या क्रियापदापासून निघालेले शब्द हे याचे एक बोलके उदाहरण होय.

हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम उभा राहिला तो मुलुंडच्या एका वर्गात. भाषांतराच्या तासाला नोकरीच्या अर्जाचा एक नमुना विद्यार्थ्यांना दिला होता. त्यातील ‘डिपेंडंट’ व्यक्तींची नावे मागणाऱ्या रकान्याचे भाषांतर बहुतेकांनी ‘परावलंबी व्यक्ती’ असे केले. एका विद्यार्थिनीने तो शब्द लिहून खोडला होता. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, या रकान्यात वडील माझ्या आईचं नाव लिहितात. आई परावलंबी कशी?” या प्रश्नात भाषांतराचा एक मूलभूत पेच आहे आणि तो केवळ पर्यायी शब्द सुचवून सुटणारा नाही.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘डिपेंड’ हा शब्द लॅटिन ‘डेपेंडेरे’ या क्रियापदावरून आला. ‘डे’ म्हणजे खाली आणि ‘पेंडेरे’ म्हणजे लोंबणे. संस्कृत ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे. दोन्ही भाषांनी एकच प्रतिमा निवडली आहे. तीच जोडी इतरत्रही भेटते : पेंड्युलमला आपण लंबक म्हणतो आणि ‘पेंडिंग’ कामाला प्रलंबित. तेव्हा ‘अवलंबून’ हा ‘डिपेंडंट’चा अगदी तंतोतंत प्रतिशब्द आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु प्रतिमा एक असली, तरी तिचा पुढील प्रवास एक नाही. संस्कृत ‘अवलंब’ या शब्दात लोंबण्याबरोबरच धरण्याचा आणि आधाराचा अर्थ आहे. म्हणूनच मराठीत एखादा मार्ग ‘अवलंबिता’ येतो. तेथे कर्ता लोंबत नाही, तो निवड करतो. रसचर्चेतील ‘आलंबन विभाव’ हा तर भावाला आधार देणारा विषय होय. ‘अवलंबून’ हे रूपही व्याकरणदृष्ट्या ‘करून’, ‘धरून’ यांच्या पंक्तीतील आहे. त्यात कर्त्याची कृती शिल्लक आहे. ‘अवलंबित’ या शासकीय शब्दात मात्र ती कृती गोठते व माणूस एका वर्गाचा घटक होतो.

याशिवाय मराठीने या एका नात्यासाठी अनेक शब्द जतन केले आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द नात्याची वेगळी बाजू उजळतो. ‘आश्रित’ म्हटले की आश्रयदाता डोळ्यांपुढे येतो. त्या शब्दात देणाऱ्याचा मोठेपणा गृहीत आहे. ‘पोष्य’ हा शब्द उलट बाजूने बोलतो. धर्मशास्त्रातील पोष्यवर्गात वृद्ध मातापितरे, पत्नी, मुले यांचा समावेश होतो आणि त्यांचे पोषण करणे हे गृहस्थाचे कर्तव्य ठरते; येथे उपकाराची भाषा नाही. ‘मिंधा’ या शब्दात घेणाऱ्याची खालची मान आहे. ‘मदार’ हा अरबीतून आलेला शब्द लोंबण्याऐवजी फिरण्याची प्रतिमा आणतो. ज्या आसाभोवती सारे फिरते तो मदार. ‘विसंबणे’ तर विशेष लक्षणीय आहे. आई तान्ह्याला क्षणभर विसंबत नाही, म्हणजे नजरेआड करीत नाही. आणि आपण कुणावर विसंबतो, म्हणजे काळजी सोडून त्याच्यावर भरवसा टाकतो. विश्वास आणि बेसावधपणा एकाच शब्दात नांदतात.

या पार्श्वभूमीवर ‘परावलंबी’ हा शब्द पाहावा. ‘स्वावलंबी’ या सद्गुणवाचक शब्दाचा तो प्रतियोगी आहे. महाराष्ट्रात स्वावलंबनाला शैक्षणिक आणि सामाजिक चळवळीचे बळ लाभले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने तर स्वावलंबी शिक्षण हेच आपले ब्रीद मानले. त्या ब्रीदाचे मोल वादातीत आहे. पण स्वावलंबन जितके उंच गेले, तितका ‘परावलंबी’ हा शब्द खाली घसरला. आज तो स्थिती सांगत नाही, दोष सांगतो. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे, याची येथे आठवण होते : वडाची पारंबी आधी लोंबते आणि मग जमिनीत रुजून वृक्षालाच आधार देते.

इंग्रजीत ‘डिपेंडंट’ हा शब्द दोन कामे करतो. ब्रिटिश लेखनपद्धतीत विशेषण आणि नाम यांच्या शेवटच्या अवयवातील स्वर वेगळा लिहितात. देवनागरीत हा भेद उरत नाही. विशेषण स्थिती सांगते, नाम कायद्यातील दर्जा सांगते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातील व्याख्या या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मृत कामगाराची विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांची गणना त्यात थेट ‘डिपेंडंट’ म्हणून केली होती. विधुर पतीला मात्र आपण मृत पत्नीच्या कमाईवर पूर्णतः वा अंशतः अवलंबून होतो, हे दाखवावे लागे. म्हणजे स्त्रीचे अवलंबन कायद्याने गृहीत धरले, पुरुषाचे सिद्ध करावयास लावले. व्याख्येने विधवेचे संरक्षण केले हे खरे. पण त्याचबरोबर घराचे एक चित्रही पक्के केले.

मराठी व्यवहाराने अशा ठिकाणी पुष्कळदा तिसराच शब्द वापरला आहे : ‘वारस’. मुंबईतील गिरणी कामगारांच्या घरांची मागणी कामगार व त्यांचे वारस यांच्या नावाने झाली. सफाई कामगारांच्या कुटुंबीयांना नोकरी देण्याची तरतूद लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींतून आली आणि ‘वारसा हक्क’ या नावाने रूढ झाली. याउलट इतर मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांची नेमणूक ‘अनुकंपा तत्त्वावर’ होते. एका शब्दात हक्क आहे, दुसऱ्यात दया. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर मात्र दोन्ही ठिकाणी कुटुंबावर कोसळलेले संकट एकच असते.

आता उपनगरांतील घरांकडे वळू. बोरिवली, अंधेरी, मुलुंड येथील अनेक मराठी घरांतून ‘डिपेंडंट व्हिसा’ हा शब्दप्रयोग सहज ऐकू येतो. ‘मुलगी डिपेंडंटवर अमेरिकेला गेली’ असे सांगताना आईच्या स्वरात कमीपणा नसतो. ‘ती परावलंबी म्हणून गेली’ असे कोणी चुकूनही म्हणणार नाही. वास्तविक ‘एच-४’ या परवान्यावर गेलेल्या उच्चशिक्षित पत्नीला २०१५ पर्यंत तेथे नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्या वर्षी ती काहींना, ठराविक अटींवर मिळाली. परावलंबन खरे होते, पण परकी संज्ञा त्याची बोच झाकीत होती. मराठी माणूस इंग्रजी शब्द केवळ हौसेने घेतो, हा आक्षेप येथे अपुरा पडतो. स्वभाषेतील शब्द नैतिक निवाडा करू लागला, की बोलणारा तटस्थ शब्दाच्या आश्रयाला जातो.

मात्र तटस्थतेचा हा आभास घातकही ठरतो. जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ ठरते. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्यासह एका गटात टाकल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अरुणकुमार अग्रवाल प्रकरणातील निकालपत्रात तीव्र नापसंती व्यक्त केली. जिच्या श्रमावर घरातील प्रत्येकाची मदार असते, तीच अर्जात ‘अवलंबित’ होते. आमच्या विद्यार्थिनीने शब्द खोडला तो याच विसंगतीमुळे.

अवलंबनाची दिशा नेहमी एकच नसते, हे तर ‘उपनगर’ या शब्दाच्या संदर्भातही दिसते. ‘उप’ या उपसर्गात सान्निध्य आहे, तसे दुय्यमत्वही. १९५० साली अंधेरी-घाटकोपरपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला आणि येथील माणूस रोजीरोटीसाठी शहरावर अवलंबून आहे, असे समीकरण रूढ झाले. पण १८६० साली पूर्ण झालेल्या विहार तलावापासून शहराची तहान उपनगरांतील डोंगरांनीच भागविली. हे परस्परावलंबन आहे. शब्द मात्र एकाच बाजूने बोलतो.

‘इंडिपेंडंट’चे भाषांतर करताना आपल्या पूर्वसूरींनी लोंबण्याची प्रतिमा सोडून दिली, हेही लक्षात घ्यावयास हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्थापिलेला इंडिपेंडंट लेबर पार्टी हा पक्ष मराठीत ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ झाला. निवडणुकीतील ‘इंडिपेंडंट’ उमेदवार ‘अपक्ष’ झाला. संदर्भ पाहून शब्द घडविण्याचे हे धैर्य ‘डिपेंडंट’च्या बाबतीत आपण दाखविलेले नाही.

सारांश, एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द नेमून देण्याचा कोशीय आग्रह येथे सोडावयास हवा. कायद्याने कर्तव्य लादले असेल तेथे ‘पोष्य’ किंवा ‘वारस’ यांचा विचार व्हावा. केवळ स्थिती सांगावयाची असेल तेथे ‘अवलंबून’ पुरेसा आहे. आणि ‘परावलंबी’ हा शब्द अर्जांच्या रकान्यांतून कायमचा काढून टाकावा. भाषांतराच्या वर्गात ‘प्रतिशब्द कोणता?’ या प्रश्नाआधी ‘येथे कोण कोणावर अवलंबून आहे, आणि हे कोण ठरविते?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्या विद्यार्थिनीने शब्द खोडून जागा मोकळी ठेवली होती. मी तिचे गुण कापले नाहीत.