विकणाराच एकमेव गिऱ्हाईक असेल तर

चाकूर तालुक्यातील शेतकरी सोयाबीन किंवा तूर घेऊन लातूरच्या बाजारात जातो, तेव्हा त्या मालाला अनेक खरेदीदार असतात. भाव कधी चढतो, कधी पडतो. परंतु एका व्यापाऱ्याने पाठ फिरविली म्हणून माल घरी परत आणावा लागत नाही. कोणत्याही नव्या जोडधंद्याची पारख याच कसोटीवर करावयास हवी.

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील 'महारयत ॲग्रो इंडिया' या कंपनीचे कडकनाथ कोंबडी प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. शेतकऱ्याने पैसे भरून कंपनीकडून पिले घ्यावयाची, ती वाढवावयाची आणि अंडी व पक्षी कंपनीनेच चढ्या भावाने विकत घ्यावयाचे, अशी ही योजना होती. आरंभी काहींना पैसे मिळाले. ते पाहून इतरांनी कर्ज काढून शेड उभारल्या. पुढे खरेदी थांबली, आणि पक्ष्यांना तर रोज खाद्य लागतच होते. हजारो पक्षिपालक अडचणीत आले व फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. तत्पूर्वी २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराई येथील 'सुसी एमू फार्म्स'चा डोलारा असाच कोसळला होता.

यात पक्ष्याचा दोष नाही. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील अस्सल जात असून तिच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दोष आहे तो हिशेबात. समजा, एका शेतकऱ्याने २०० पिले घेतली व त्यांतून १०० कोंबड्या तयार झाल्या. प्रत्येकीने वर्षाला ८० अंडी दिली, तर ८,००० अंडी होतात. त्यांतील निम्म्यांचीच पिले झाली, तरी ती आणखी २० शेतकऱ्यांना पुरतात. पुढील वर्षी ४००, तिसऱ्या वर्षी ८,००० आणि चौथ्या वर्षी १,६०,००० नवे शेतकरी लागतात. एवढे शेतकरी आणावयाचे कोठून? ज्या धंद्यात माल खाणाऱ्याच्या ताटात न जाता नव्या भरती होणाऱ्याच्या दारी जातो, त्या धंद्याचा शेवट पहिल्या दिवशीच ठरलेला असतो.

करारावरील सर्वच कुक्कुटपालन फसवे असते, असे मात्र नव्हे. मांसल कोंबड्यांच्या रूढ करारात पिले व खाद्य कंपनी पुरविते, शेतकऱ्याला संगोपनाची मजुरी देते आणि पक्षी उघड्या बाजारात विकते. तेथे पिलांत कंपनीचे भांडवल गुंतलेले असते. फसव्या योजनेत मात्र पहिला पैसा शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा माल कंपनीखेरीज आणखी कोण घेतो? लातूर किंवा उदगीरच्या बाजारात आज त्याला काय भाव आहे? नवीन सभासद आणून दिल्यास दलाली मिळते काय? पहिल्या दोहोंचे उत्तर मिळत नसेल आणि तिसऱ्याचे 'होय' असेल, तर तेथून उठून यावे. मुद्रांकाच्या कागदावर करार केला म्हणून शासनाची हमी मिळत नाही, आणि कंपनीची नोंदणी म्हणजे तिच्या योजनेला मान्यता नव्हे.

फसलेल्या शेतकऱ्याला लोभी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अन्यायाची आहे. पावसाने दगा दिलेल्या कोरडवाहू भागात माणूस जोडधंदा शोधतो तो संसार चालविण्यासाठी, आणि योजना सांगणारा बहुधा त्याचा पाहुणा किंवा भावकीतीलच असतो. लोभी ठरण्याच्या भीतीने तो गप्प राहतो आणि त्याच्या मौनावर पुढचे गाव फसते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्यात १९९९ चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्तीची तरतूदही आहे. परंतु जप्ती, लिलाव व न्यायालय यांत वर्षे जातात. त्यामुळे तक्रार जितकी लवकर होईल तितके बरे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची जबाबदारी येथे मोठी आहे. अशा कंपनीच्या मेळाव्यात त्याने सत्कार स्वीकारला, तर त्याचे छायाचित्रच दुसऱ्या दिवशी जाहिरात होते. पूर्ण चौकशी केल्याखेरीज त्याने कोणत्याही योजनेच्या व्यासपीठावर बसू नये. उलट वरील तीन प्रश्न भर सभेत त्यानेच प्रथम विचारावेत. गाव त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते, आणि त्या विश्वासाला शेतकऱ्याच्या पैशाइतकेच जपले पाहिजे.