सहिष्णुतेचे माहेर

सहिष्णुता हा आपल्या वाङ्मयीन व्यवहारात अत्यंत सैलपणे वापरला जाणारा शब्द आहे. संतपरंपरेचा हवाला द्यावा, वडिलोपार्जित ठेवीसारखा तो गुण आपल्याकडे आहेच असे गृहीत धरावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे, असा परिपाठ झाला आहे. हमीद दलवाईंविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातही हाच सैलपणा मला आढळतो, आणि तो निरुपद्रवी नाही.

दलवाईंचा जन्म १९३२चा, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. त्यांचे वाढते वय आणि मुस्लिम लीगच्या राजकारणाचा चढता काळ एकच. अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला द्वेष कुठून शिकून यावा लागत नाही. तो घरच्या बोलण्यात, सणावारांत, कोणाच्या घरचे पाणी चालते याच्या हिशेबात मुरलेला असतो. त्या वयात त्यांनी राष्ट्र सेवा दलाची वाट धरली. ही निवड परक्यांविरुद्ध नव्हती, आपल्याच माणसांविरुद्ध होती. आपल्याकडे या गोष्टीचा उल्लेख चरित्राच्या एका ओळीत होतो. तिची किंमत कोणी मोजत नाही.

ती किंमत ‘इंधन’ या कादंबरीत दिसते. आजारी निवेदक मुंबईहून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. मुसलमान, ब्राह्मण, कुळवाडी, नवबौद्ध अशी ती वस्ती आहे. जमिनीचे वाद, मानपान, स्त्रीपुरुषांचे चोरटे संबंध, जुनी उणीदुणी हा सगळा साधा लाकूडफाटा आधीपासून रचलेला आहे. धर्म येतो तो ठिणगी म्हणून. या कादंबरीला ‘समस्याप्रधान’ म्हणणारे समीक्षक तिच्या शीर्षकाकडेही नीट पाहत नाहीत. इथे अतिरेकी नावाचा निराळा प्राणी नाही. शेजारी, भाऊबंद, कालपर्यंत एकत्र उठणारी-बसणारी माणसेच पेटतात आणि शहाणपण घेऊन आलेला निवेदक ते थांबवू शकत नाही. सुधारकाने स्वतःच्या असहायतेचे इतके निर्मम चित्र काढावे, हे मराठीत क्वचित घडले आहे.

आता त्यांच्या चाहत्यांकडे पाहू. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व रद्द करा ही मागणी घेऊन. सात! या आकड्याची त्या काळी टवाळी झाली. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. तात्काळ तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २०१७ साली, म्हणजे मोर्चानंतर ५१ वर्षांनी. त्यावेळी दलवाईंचे नाव ज्यांनी उत्साहाने घेतले, त्यांतल्या बहुतेकांना ते केवळ मुसलमानांना सुनावण्यासाठी हवे होते. मंडळाच्या नावातला ‘सत्यशोधक’ हा शब्द जोतीराव फुल्यांच्या समाजाकडून घेतलेला आहे, ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटत असावी. मुस्लिम जातीयवादावर आसूड ओढणाऱ्या या लेखकाने हिंदू पुनरुज्जीवनवादालाही तितकाच स्पष्ट विरोध केला होता. ती पाने हे वाचक उलटत नाहीत.

दुसऱ्या बाजूचा दोष मला अधिक बोचतो, कारण ती माझ्या जवळची बाजू आहे. दलवाई बोलले तर प्रतिगाम्यांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती अनेक पुरोगाम्यांनी बाळगली. या भीतीचा अर्थ एवढाच होतो की मुसलमान समाजाला स्वतःशी भांडण्याचा हक्क देण्यास आपण तयार नव्हतो. हिंदू समाजातल्या आगरकरांना आपण थोर म्हणावे आणि मुसलमान समाजातल्या आगरकरांना गप्प बसवावे, हा कुठला न्याय?

दलवाई १९७७ साली ऐन पंचेचाळिशीच्या आत गेले. कोणतेही धार्मिक संस्कार न करता आपले दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. तीही अनेकांना अखेरपर्यंत खुपली.

आजही ‘इंधन’चा विचार ‘मुस्लिम मराठी साहित्य’ या कप्प्यात होतो. हा कप्पा समीक्षकांच्या सोयीचा आहे. गाव कसे पेटते हे सांगणारी कादंबरी कोकणातल्या एका मशिदीपुरती आहे असे मानले, की बाकीच्या वाचकांना आपापली आळी त्यात शोधावी लागत नाही. विद्यार्थ्यांनी ती श्री. ना. पेंडशांच्या कोकणचित्रणाशेजारी ठेवून वाचावी आणि तिथे काय झाकले गेले होते, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.