शिसे दबते, आर्सेनिक सुटते

जमिनीत जड धातू उतरले असतील तर भरपूर शेणखत, कंपोस्ट घाला, माती सावरेल, असा सल्ला आता सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात उरलेला अर्धा भाग जाणून घेतल्याशिवाय त्यावर पैसा ओतू नये. खरा भाग असा: शिसे, कॅडमियम, तांबे यांचे कण धनभारित असतात आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावरच्या ऋणभारित जागा त्यांना धरून ठेवतात. आम्लता कमी झाली की ही पकड घट्ट होते. धातू शेतातच राहतो, पण मुळांच्या हाती लागत नाही. कन्हार जमिनीत हे काम चिकणमातीच बऱ्यापैकी करते. मुरमाड बर्डीत मात्र सेंद्रिय पदार्थावाचून फारसा आधार नाही. तिथे खताचा उपयोग जास्त, पण ते कुजून संपते तशी पकडही सैल होते. म्हणजे हा एकदाचा इलाज नव्हे, दर काही वर्षांनी करायचा खर्च आहे.

आर्सेनिकची चाल उलटी आहे. ते मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून असते. धानाच्या बांधीत पाणी साचले की प्राणवायू संपतो, जिवाणू लोहावर गुजराण करतात, लोह विरघळते आणि आर्सेनिक सुटते. अशा वेळी घातलेले ताजे शेण किंवा हिरवळीचे खत म्हणजे त्या जिवाणूंना दिलेला खुराक. पाणी काढून बांधी कोरडी ठेवावी, तर आर्सेनिक आवरते पण कॅडमियम मोकळे होते. हा प्रश्न दूरचा नाही. जिल्ह्यातल्या देवरीच्या आग्नेयेला, छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात कौडीकसा गावाच्या भूजलात आर्सेनिक असल्याचे गेल्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे, आणि तिथे ते खडकातूनच येते. जिल्ह्याची सीमा खडकाला कळत नाही. पश्चिमेला तिरोड्यात 3300 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम असतेच. याचा अर्थ आसपासची शेते दूषित आहेत असा नाही. आधी कुठे मोजायचे, एवढेच त्यावरून ठरते.

गोंदियाच्या हाताशी एक चांगली वस्तू आहे, ती म्हणजे तूस. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते आणि त्यात सिलिका भरपूर. धानाचे मूळ सिलिकॉन ज्या वाटेने आत घेते, त्याच वाटेने पाणी भरलेल्या बांधीतले आर्सेनिकही शिरते. सिलिकॉन पुरेसे असले तर आर्सेनिकला जागा कमी मिळते. राईस मिलवाले म्हणतील, तूस आम्हाला उसन्या तांदळाच्या बॉयलरला लागते. खरे आहे, आणि ते फुकट मागण्यात अर्थ नाही. पण कमी हवेत जाळून केलेला तुसाचा कोळसा मातीत वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे मोजून ठरवलेल्या थोड्या क्षेत्रासाठी मिलचे थोडे तूस विकत घेणे परवडण्यासारखे आहे. तणसावर मात्र नजर ठेवू नये, ते गुरांच्या तोंडचे आहे.

सेंद्रिय शेतीचे समर्थक विचारतील की कंपोस्टने नुकसान काय होणार? खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते. या कमाल मर्यादेचे कंपोस्ट दरवर्षी हेक्टरी 10 टन घातले तर वर्षाला 1 किलो शिसे शेतात जाते. एका वर्षाच्या हिशेबात ते किरकोळ, पण आत गेलेले शिसे बाहेर पडत नाही. गोठ्यातल्या शेणखताला ही भीती फारशी नाही. शहरातल्या मिसळ कचऱ्याच्या खताला आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासले जातात. त्यात जस्त, तांबे आहे. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक नाही. प्रत्येक बांधीची अशी तपासणी परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तिरोड्याचा परिसर आणि देवरी-सालेकसाची पूर्व सीमा इथले निवडक नमुने, माती, सिंचनाचे पाणी आणि दाणा असे तिन्ही, परवडतात. आकडे बाहेर आले तर धानाचा भाव पडेल, ही भीतीही बोलून दाखवली जाईल. पण पॉलिश केलेल्या तांदळातल्या अजैविक आर्सेनिकसाठी किलोमागे 0.2 मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा 2014 पासून आहे. परदेशी खरेदीदार ती तपासणारच. ती तपासणी आपण आधी केली तर कोणत्या बांधीत शेणखत, कोणत्या बांधीत तुसाचा कोळसा आणि कुठे काहीच घालायची गरज नाही, हे पेरणीपूर्वी सांगता येईल.