चाचणी आवृत्तीचे नाव सरळच हवे



गेमच्या चाचणी आवृत्तीला काहीही नाव दिले तरी मुलांना कळते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला साफ अमान्य आहे. माइनक्राफ्टचेच बघा. सप्टेंबर २०११ पासून ‘बीटा १.९ प्रीरिलीज’ नावाने चाचण्या आल्या आणि १८ नोव्हेंबरला पक्की आवृत्ती निघाली ती १.० म्हणून! पुढे खरी १.९ आली २०१६ मध्ये. आमच्या केज-अंबाजोगाईकडे मोजक्या डेटावर गेम उतरवणाऱ्या मुलाने यातली नवी कोणती समजायची? नव्या आवृत्तीतले जग जुन्यात उघडले, तर महिनोन्‌महिने रचलेले बांधकाम बिघडू शकते. नंतरच्या चाचण्यांची नावे वेगळी होती: ‘१३डब्ल्यू३६ए’ म्हणजे २०१३ चा ३६वा आठवडा, त्यातली पहिली चाचणी. ती निदान क्रमाने लावता येत. पण चाचणी कोणत्या पक्क्या आवृत्तीची, ते कळत नसे. चाचणीचा आणि पक्क्या आवृत्तीचा, असे दोन्ही क्रमांक नावातच असायला हवेत.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)