म्हातारपणाची पुंजी आणि तिचे दार



वृद्धापकाळी उपचार लांबणीवर पडतात ते नेहमीच पैसा नसतो म्हणून नव्हे; पुष्कळदा असलेला पैसा वेळेवर हाती येत नाही म्हणून. ‘ठेवीची मुदत संपली की पाहू’ असे म्हणत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे ज्येष्ठ आपल्याही परिचयात असतील. म्हणूनच निवृत्तीसाठी खाते निवडताना व्याजदरासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: या पुंजीचे दार केव्हा, कोणत्या कारणासाठी आणि किती उघडते?

नोकरदारांची बचत बहुधा भविष्य निर्वाह निधीपासून सुरू होते. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम आपली आणि तेवढीच मालकाची. मालकाच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतन योजनेकडे जातो. स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या आजारपणासाठी यातून रक्कम काढता येते. धोका आहे तो नोकरी बदलताना. त्या वेळी सारी रक्कम काढून घेण्याचा मोह होतो; परंतु सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढलेल्या रकमेवर सामान्यतः कर लागतो आणि साठाही मोडतो. जुने खाते नव्या ठिकाणी वर्ग करून घेणे श्रेयस्कर.

दुकानदार, शेतकरी, गृहिणी यांना हा आधार नसतो. त्यांच्यासाठी १९६८ पासून चालत आलेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, अर्थात पीपीएफ, आहे. वर्षाकाठी किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये भरता येतात. व्याज करमुक्त असते. मुदत १५ वर्षांची असली तरी सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते. शिवाय स्वतःला, जोडीदाराला, आईवडिलांना किंवा अवलंबून असलेल्या मुलांना जिवावर बेतणारा आजार झाल्यास पाच वर्षांनंतर खाते मुदतीपूर्वी बंद करता येते. त्यासाठी व्याजात एक टक्का कपात सोसावी लागते. ही तरतूद अनेक खातेदारांना ठाऊकच नसते.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस, २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली आहे. तिचा काही पैसा शेअर बाजारात गुंतवता येत असल्याने दीर्घकाळात वाढीची शक्यता अधिक, पण हमी नाही. तीन वर्षांनंतर गंभीर आजारासारख्या ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. निवृत्तीच्या वेळी साठा मोठा असल्यास त्यातील एका हिश्शातून मासिक निवृत्तिवेतन विकत घ्यावेच लागते. हे बंधन काहींना जाचते. पण हाती आलेली एकरकमी रक्कम लग्नकार्यात आणि घरबांधणीत विरघळून जाते, हेही आपण पाहतोच. हे निवृत्तिवेतन घेताना, आपल्या पश्चात जोडीदारालाही ते आजीवन मिळेल असा पर्याय निवडता येतो. त्याची विचारपूस अवश्य करावी.

साठी उलटल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तिमाहीस खात्यात जमा होते, त्यामुळे औषधांच्या नियमित खर्चाला ते सोयीचे. हे व्याज मात्र करपात्र आहे. पाच वर्षांच्या आत खाते बंद करता येते, पण त्यासाठी कपात सोसावी लागते.

मग निवड कशी करावी? तिशीत असाल, तर नोकरीतील निधीला हात न लावता बाजाराचा थोडा अंश जवळ बाळगण्यास हरकत नाही. स्वतंत्र व्यवसाय असेल, तर पीपीएफचा पाया आधी घालावा. पन्नाशी ओलांडली असेल, तर अधिक परताव्यामागे धावण्यापेक्षा रक्कम कधी हाती येईल हे जुळवावे. आणि कोणत्याही वयात आरोग्य विमा व काही महिन्यांच्या खर्चाची हाताशी असलेली रक्कम ही निवृत्तीच्या पुंजीची राखण करते, हे विसरू नये.

शेवटी एक छोटे काम. घरातील प्रत्येक खात्याचा क्रमांक, नॉमिनीचे नाव आणि रक्कम काढण्याचा नियम एका कागदावर लिहून तो घरच्यांना ठाऊक असलेल्या जागी, वैद्यकीय कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावा. रुग्णालयात धावपळ करण्याची वेळ आली, तर घरच्यांचा हात आधी त्याच फाइलकडे जातो.